शपथ आणि तिसरा दिवस

'मनात आणलं तर दारू एका दिवसात सुटते.' सासरा जावयाला हे ऐकवतो, ग्रामसभेत हे बोललं जातं, आई लेकाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून याच विश्वासाने त्याला शपथ घालते. या वाक्यापायी माणसं मरतात असं माझं म्हणणं आहे, आणि हे म्हणणं मी शब्दशः करतो आहे.

सकाळी घोटभर घेतल्याशिवाय ज्याचा हात कपाचा कान धरू शकत नाही, अशा माणसाचा विचार करा. त्याने शपथ घेतली आणि ती मनापासून घेतली. सहा-आठ तासांत हातांना कंप सुटतो, अंगाला घाम फुटतो, पोटात काही ठरत नाही. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींची शुद्ध हरपते. भिंतीवरून किडे उतरताना दिसतात, मेलेला भाऊ दारात उभा दिसतो, बायको ओळखू येत नाही. ताप चढतो, नाडी धावते. डॉक्टर याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. घरात मात्र 'बाहेरचं झालं' म्हणून लिंबू उतरवलं जातं.

असं का होतं? दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षं मंद केलं गेलं की मेंदू तेवढाच जास्त जोर लावायला शिकतो. लोढणं बांधलेलं जनावर जोर लावून चालायला शिकतं, तसंच हे. लोढणं एकदम काढलं की तो जोर आवरत नाही. यात निश्चय कमी-जास्त असण्याचा प्रश्नच कुठे येतो? उलट ज्याचा निश्चय पक्का, तो थेंबही न घेता तिसऱ्या दिवसापर्यंत पोचतो, आणि खरा धोका तिथेच असतो.

यावर अनुभवी लोक एक हमखास दाखला देतात. 'एवढा थरथरत होता, पण थोडी पाजल्याबरोबर ताळ्यावर आला. म्हणजे सगळं नाटक.' हा निष्कर्ष नेमका उलटा आहे. दारूच्या घोटाने कंप थांबला, म्हणजे तो दारू तुटल्याचा कंप होता. ज्याला आपण सोंगाचा पुरावा समजतो, तोच आजाराचा पुरावा आहे.

ही अवस्था डॉक्टरांना नीट सांभाळता येते. क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं देऊन मेंदू शांत ठेवायचा, मग आठवडाभरात मात्रा उतरवत न्यायची. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. हे मुद्दाम सांगतो, कारण गावोगावी अशा रुग्णाला 'एक बाटली लावा' एवढाच उपाय होतो. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर आधीच असलेली कमतरता वाढून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीत दारूची दुकानं एकाएकी बंद झाली, तेव्हा हे सगळं उघड्यावर आलं. केरळमध्ये आत्महत्या झाल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली माणसं मेली. त्या दिवसांत अशा बातम्यांवर विनोद फिरत होते. ते विनोद वाचताना मला लाज वाटत होती.

आता दुसरा पक्ष, जो मला जवळचा आहे. 'आमच्या गावात माळ घातली आणि सुटली.' खरं आहे, सुटते. पण माळेने त्या माणसाला काय दिलं ते पाहा. गुत्त्याकडे जाणारी संध्याकाळ हरिपाठाला लागली, जुनी टोळी सुटून नवी संगत मिळाली, एक दिवस दिसला नाही तर 'का आला नाहीस?' विचारणारं माणूस मिळालं. चांगला उपचारही हेच देतो. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं, त्याचं मर्मही संगत हेच आहे. मात्र ज्यांची माळ तुटली त्यांची गोष्ट कीर्तनात येत नाही. माळ जरूर घालावी. पण रोज भरपूर पिणाऱ्याने पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली काढावा आणि मग पंढरीची वाट धरावी.

गुपचूप पुडी देणाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' असं लिहिलेलं असतं. नकळत दिलेल्या पुडीत डायसल्फिरॅम असेल आणि वर तो माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

सर्वांत वजनदार आक्षेप बायकांचा आहे. 'आजार म्हटलं की त्याची जबाबदारी संपली. मग मी जे सोसलं त्याचं काय?' ज्यांनी मार खाल्ला, दागिने विकले, त्यांना हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. माझं उत्तर असं की आजार दारूचा आहे, मारहाणीचा नाही. मारहाणीला कायदा आहे आणि तो वापरावा. आजार म्हटल्याने जबाबदारी वाढते. क्षयाच्या रुग्णाला 'तुला क्षय का झाला?' असं आपण विचारत नाही, पण गोळी चुकवली तर खडसावतो. इथेही तसंच. औषध घेतलंस का, बैठकीला गेलास का, हे प्रश्न त्याला टाळता येऊ नयेत.

शपथेचा आणखी एक दोष आहे. ती मोडली की माणूस लपतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पुन्हा पिण्याला 'स्लिप' म्हणतात. हा शब्द मला मोलाचा वाटतो, कारण घसरलेला माणूस हात मागू शकतो. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे मदतीला पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी हे केंद्र सुरू केलं. गर्दची 'टर्की', म्हणजे ती तुटल्यावर होणारा त्रास, भयंकर असते, पण ती सहसा जीव घेत नाही. तिथे धोका नंतर असतो. महिनाभर दूर राहिलेलं शरीर जुनी मात्रा झेलू शकत नाही आणि पहिल्याच स्लिपमध्ये श्वास थांबू शकतो. शरीरातलं विष उतरलं म्हणजे उपचार संपला, हा समज असा जिवावर बेततो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांना आजार मानलं आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे. तरीही केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा २०१९ चा अहवाल सांगतो, की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतो. बाकीचे ३७ आपल्या शपथांच्या भरवशावर आहेत.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर शपथ घालण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा. शेवटची कधी घेतलीस? आणि पूर्वी सोडताना कधी आकडी आली होती का? मग त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, किंवा १४४४६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.