डब्यातल्या गोळ्यांची खतावणी



बेव्हर्ली पार्कमध्ये साखर-दुधाची उसनवारी केव्हाच थांबली, गोळ्यांची मात्र जोरात चालू आहे. "ताई, पोटात मुरडा आलाय, तुमच्याकडे ती गोळी आहे का?" असे म्हणत कोणी दार वाजवते आणि आपण पट्टीतली एक गोळी कात्रीने कापून देतो. औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख नेमकी आपल्याकडच्या तुकड्यावर राहते. मीही वर्षानुवर्षे अशा गोळ्या दिल्या आहेत. आता देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. कारण सांगते.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या. लघवीची घाई होते, देवळापर्यंतसुद्धा धीर धरवत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज एक गोळी लिहून दिली. त्या गोळीने खरेच फरक पडला. त्या पुन्हा रोज दर्शनाला जाऊ लागल्या. मग हिवाळ्यात आम्ही गजपंथाला गेलो. कसारा घाटात त्यांना मळमळते म्हणून जाताना आणि येताना मी प्रवासाची गोळी दिली. तिकडच्या थंडीने नाक वाहू लागले, म्हणून परतल्यावर सर्दीची गोळी, दिवसातून दोनदा. एकही गोळी मी कोणाला विचारून दिली नाही. त्यात विचारायचे काय, असेच वाटले.

तिसऱ्या रात्री त्या उठून चादरीवरच्या मुंग्या वेचू लागल्या. चादर स्वच्छ होती. मुंग्यांची हिंसा होईल म्हणून मला पाय टेकू देईनात. मला त्यांनी ओळखलेच नाही. "आता वय झालं," असे घरात सगळे म्हणाले. एका नातेवाईक बाईंनी तर, त्यांची वृत्ती आता अंतर्मुख होते आहे, असेही सांगितले. सकाळी लघवी अडली, ओटीपोट दगडासारखे झाले, तेव्हा दवाखाना गाठला. नळी घालावी लागली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "काकू, घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन या."

पिशवी पाहून त्या म्हणाल्या, तीन वेगळ्या गोळ्या दिसतात, पण तिन्हींचे काम एकाच दिशेने चालते. आपल्या शरीरात असिटिलकोलिन नावाचा एक निरोप्या असतो. लाळ सुटू दे, आतडे हलू दे, मूत्राशय आवळू दे, असे निरोप तो पोचवतो. मेंदूत स्मरणशक्तीच्या कामातही तो असतो. ही औषधे त्याची वाट अडवतात. म्हणून पेटके थांबतात, मूत्राशय शांत होते. पण अडवणूक जास्त झाली की तोंड कोरडे पडते, शौचाला होत नाही, नजर धूसर होते, घाम कमी येतो आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. लघवीच्या गोळीत हा गुण होताच. प्रवासाच्या गोळीतल्या प्रोमेथाझिनमध्ये आणि सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिनमध्येही तोच. मी बी. कॉम. झालेली बाई. एकाच खात्यातून तीन जणांनी पैसे काढले आणि शिल्लक कोणीच पाहिली नाही, असे मला झाले.

जादाच्या दोन गोळ्या बंद केल्या, लघवीची गोळीही डॉक्टरांनी काही दिवस थांबवली. चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला नावाने हाक मारली. सगळे ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "धोतरा खाल्लेलं माणूस असंच बडबडतं." सांगलीकडच्या खेड्यात त्यांनी ते पाहिलेले. नंतर वाचले तर खरेच की, धोतऱ्यात याच कुळातली द्रव्ये असतात.

म्हणून ही औषधे वाईट ठरत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, ते आठवत असेल. ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाने अंगात तोच निरोप्या बेसुमार साचतो, छातीत पाणी भरते, आणि तिथे ॲट्रोपिनच जीव वाचवते. उलट विंचू चावल्यावर तेच ॲट्रोपिन सरसकट देणे घातक ठरू शकते. विंचूदंशावर प्राझोसिन वापरायला शिकवणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर हेच सांगत आले. एका विषावरचा उतारा दुसऱ्या विषात भर घालतो, तर शेजारणीच्या मुरड्यावर माझी गोळी चालेल हे मी कशावरून ठरवू? तिला काचबिंदू असेल, तिच्या यजमानांची प्रोस्टेट वाढलेली असेल. मुरड्याच्या गोळीत बहुधा डायसायक्लोमिन असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते देऊच नये, श्वासाला धोका असतो. आणि आपण रडणाऱ्या तान्ह्या नातवाला थोरल्याच्या बाटलीतले चार थेंब पाजून मोकळ्या होतो!

डोळ्यांच्या औषधाचेही तसेच. नातीचा चष्म्याचा नंबर तपासण्याआधी घरी ॲट्रोपिनचे मलम लावायचे होते. लावून हात न धुता मी माझा डोळा चोळला आणि पुढे दोन-तीन दिवस त्या डोळ्याने पोथीतले अक्षर लागेना. मलम लावल्यावर हात साबणाने धुवा, मुलाचेही पुसा, आणि नळी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता जरा नाजूक गोष्ट. सासूबाईंचे तोंड कित्येक दिवस कोरडे पडत होते. सूर्यास्तानंतर त्या पाणीही घेत नाहीत. रात्रभर जीभ टाळूला चिकटायची, पण तक्रार केली तर तपाला उणेपणा येईल म्हणून त्या बोलल्या नाहीत. आपल्यातल्या कितीतरी बायका अशाच आहेत. दशलक्षणात निर्जल उपवास धरायचा आणि गोळी चालू आहे हे घरातही सांगायचे नाही. घाम कमी करणारे औषध, वर आपल्याकडची दमट हवा आणि पोटात पाणी नाही, हे मला मान्य नाही. उपवास ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारल्याने व्रत मोडत नाही. पुष्कळदा वेळ बदलून मिळते. सासूबाईंची गोळी आता सकाळची झाली आहे. मात्र मनाने बंदही करू नका. कंपवाताची ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी एकदम सोडली तर त्रास वाढतो.

पासष्टीच्या पुढच्यांनी जपून घ्यायच्या औषधांची बिअर्स यादी अमेरिकेत १९९१ पासून आहे, त्यात या जातीची पुष्कळ औषधे आहेत. आपण साठीच्या पुढच्या बायका पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, पण गोळी न वाचता गिळतो.

मी शंभर पानी वही केली आहे. डावीकडे कंपनीचे नाव, मग आतल्या द्रव्याचे नाव, कोणी लिहून दिली, कधीपासून, कशासाठी. नवी गोळी आली की वही डॉक्टरांपुढे ठेवते. पट्टीवर तांबडी उभी रेघ असेल तर दुकानदाराने नुसती मागितली म्हणून दिली तरी घेत नाही. जुन्या डब्यातून मुदत संपलेल्या अकरा पट्ट्या निघाल्या. तीन कोणाच्या, हे अजून कळलेले नाही.

सासूबाई अजूनही आपणहून काही सांगत नाहीत. म्हणून रोज चार वाजता, संध्याकाळच्या जेवणाआधी, मीच विचारते, "आई, तोंड कोरडं पडतंय का?" त्या "नाही" म्हणाल्या तरी तांब्या पुढे करते.