मूळ कुजल्यावर फवारणी कशाला?

बिनमातीच्या पाणीशेतीत मुळांना हवा कमी पडली की पिथियम बुरशी ती कुजवते. माण-खटावच्या कोरडवाहू रानात उलटेच घडते. रब्बी ज्वारी दाणे भरत असताना ओल तुटली की मॅक्रोफोमिना बुरशी मुळांतून ताटात शिरते, खडखड्या होतो, पीक लोळते. हीच बुरशी कपाशीचे मूळही कुजवते. आत शिरलेल्या रोगापर्यंत वरची फवारणी पोचत नाही; आपला पैसा मात्र दुकानात पोचतो. म्हणून आम्ही म्हणतो : बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा, पेर विरळ ठेवा, नत्र बेताने द्या, कोळपून भेगा बुजवा. आणि सरकारने चांगले ट्रायकोडर्मा पेरणीआधी गावात पोचवावे. पीक लोळल्यावरच्या पंचनाम्याने कणीस भरत नाही!