एकादशीला कुलूप, पगाराच्या दिवशी दार उघडं

सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

आषाढीला यंदाही परमिट रूमच्या शटरला पुढून कुलूप होतं आणि मागच्या बोळात बाटली चढ्या भावाने विकली जात होती. हे कुणाला नव्याने सांगायला नको. जिच्या घरात पिणारा माणूस आहे, तिला तो बोळही माहीत आहे आणि भावही. आणि दर वेळी यावर उपाय काय सुचवला जातो? ड्राय डे वाढवा! यात्रेला बंद, प्रत्येक सणाला बंद, प्रत्येक जयंतीला बंद. हे पत्रक त्या उपायाविरुद्ध आहे.

आमचा साधा प्रश्न आहे : हा बंद कुणासाठी? परमिट रूम उघडी राहिली म्हणून पांडुरंगाला उपाशी झोपावं लागत नाही. उपाशी झोपते विड्या वळणारी बाई आणि तिची पोरं, आणि तीही एकादशीला नव्हे, नवऱ्याचा पगार झाला त्या रात्री. त्या संध्याकाळी दुकान उघडं ठेवायचं आणि एकादशीला बंद ठेवून पुण्य पदरात पाडून घ्यायचं, ही लबाडी आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचा कर वाढवला, तेव्हा वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असा हिशेब मांडला. एकूण नव्हे, जादा! देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किंमत किमान ८० रुपये ठरली. ते ८० रुपये कुणाच्या डब्यातून जातात, हे त्या हिशेबात कुठेही नाही.

‘निदान एक दिवस तरी बंद असतं ना?’ असं विचारणाऱ्यांनी नीट ऐकावं. पैसेवाला आदल्या रात्रीच बाटल्या घरी नेऊन ठेवतो. हातावर पोट असलेला त्या दिवशी हातभट्टीकडे वळतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी गावठी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. ती बंगल्यांतली नव्हती, झोपडपट्टीतली होती. आपल्या जिल्ह्यात हातभट्टी किती खोल रुजली आहे, हे २०२१ साली ग्रामीण पोलिसांना ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घ्यावं लागलं यावरूनच दिसतं. ड्राय डे त्याच भट्टीला गिऱ्हाईक पुरवतो.

दुसरा आक्षेप ऐकून तर संताप येतो : ‘भावना दुखावतात.’ शेगावची पालखी शहरात मुक्कामाला येते तेव्हा पाणी घेऊन आम्हीच उभ्या असतो. सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांपुढे आम्हीच वाकतो. आम्हाला भक्ती शिकवू नका. वर्षातून चार दिवस दुखावणाऱ्या आणि शेजारच्या खोलीतला मार बारा महिने ऐकू न येणाऱ्या भावनांना आम्ही भक्ती मानत नाही.

या शहराने मे १९३० मध्ये पंचांग पाहून लढा दिला नव्हता. रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडायला लोक गेले, कारण त्या झाडांवर इंग्रज सरकारचा महसूल पिकत होता. गोळीबार झाला, मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्यांनी आज महसुलाचं नाव तरी काढावं.

एकादशीला दुकान उघडं राहिलं तरी आमची हरकत नाही. आमच्या वस्तीतलं दुकान कायमचं बंद झालं पाहिजे, आणि त्याची वाट आहे : आडवी बाटली. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान घेता येतं. यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान उठतं. अट जाचक आहे. आमदार व्हायला यादीतली निम्मी मतं लागत नाहीत, दारूचं दुकान हटवायला मात्र लागतात! ही अट बदलण्यासाठी भांडूच, पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही.

ड्राय डेच्या निवेदनावर सही मागायला कुणी आलं तर त्याच्या हातात हे पत्रक द्या. आपल्या वॉर्डाची मतदार यादी मिळवा. कारखान्यात विड्या द्यायला जाताना सह्यांचा कागद पिशवीत ठेवा, रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकीला तो वाचून दाखवा. जिला लिहिता येत नाही तिचा अंगठा घ्या. संख्या भरली की सगळ्या मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतणार नाही.

— पूर्व भागातील विडी कामगार महिला