दादांना न तपासताच नापास केले!

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमातून वडिलांनी मला कान धरून बाहेर काढले होते. पडद्यावर दादा कोंडके होते. पुढे मीही त्यांना 'चावट' म्हणून टाळले. उगवण तपासल्याशिवाय बियाणे पेरू नका, असे गावोगाव सांगणारा मी, दादांना मात्र न तपासताच नापास करून बसलो!

परवा झड लागली, तेव्हा घरच्यांबरोबर 'पांडू हवालदार' पाहिला. १९७५ सालचा, दादांचे पहिलेच दिग्दर्शन. अशोक सराफांबरोबरची जुगलबंदी पाहून हसू आवरेना. दादा भोळ्या चेहऱ्याने बोलतात, दुसरा अर्थ आपल्याच मनात उगवतो! (काही विनोद अजूनही नकोच वाटले.)

सौ. म्हणाली, "मामंजींना एकदा दाखवायला हवा होता." मी गप्प बसलो. रविवारी 'राम राम गंगाराम' लावणार आहोत.