फुकटाचे दोन प्रकार

मंडळी, आमच्या भाचेरावांचा एक लाडका सिद्धांत आहे. इंटरनेट मोठे केले ते कंपन्यांनी, पैसा ओतून. फुकट वाटणाऱ्यांच्या हातून असली कामे होत नसतात. वर 'फुकट ते पौष्टिक' म्हणून मला चिडवतात! ३५ वर्षे शाळेत काढल्यावर चुकीचे उत्तर ऐकून गप्प बसणे काही जमत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक घोळ निस्तरू. इंटरनेट आणि वेब एक नव्हेत. इंटरनेट म्हणजे रूळ, वेब ही त्यावरून धावणारी एक गाडी. रूळ टाकायला सुरुवात झाली १९६९ साली, अमेरिकेतल्या अर्पानेटपासून. पैसा तिथल्या संरक्षण खात्याचा, म्हणजे सरकारी. गाडी आली वीस वर्षांनी, जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत. तीही अनेक सरकारांच्या वर्गणीवर चालणारी!

तिथे टिम बर्नर्स-ली यांची अडचण अगदी घरगुती होती. माणसे यायची, साधारण दोन वर्षे राहायची आणि जायची. त्यांच्याबरोबर माहितीही जायची. मार्च १९८९ मध्ये त्यांनी उपाय सुचवला : कागदपत्रे एकमेकांना जोडून ठेवा. १९९० च्या अखेरीस पहिली साइट चालू झाली. तिच्या संगणकावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी होती, हे यंत्र बंद करू नका म्हणून.

आता भाचेरावांनी कान देऊन ऐकावे. १९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने गोफर नावाची व्यवस्था काढली. एकातून दुसरी यादी उघडत माहितीपर्यंत जायचे. सुरुवातीला ती वेबच्या पुढे होती. पण १९९३ साली विद्यापीठाने जाहीर केले की गोफरच्या व्यापारी वापरासाठी परवाना शुल्क पडेल. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने एका कागदावर सह्या करून वेबची मूळ आज्ञावली सर्वांना मोकळी करून दिली. कोणीही वापरा, बदला, वाटा.

पुढे काय झाले? गोफर हे नाव किती जणांना ठाऊक आहे, हात वर करा बरे! त्याच वर्षी आलेल्या, मजकुरातच चित्रे दाखवणाऱ्या मोझेक ब्राउझरचाही यात वाटा आहे, मान्य. पण उद्या कोणी बिल पाठवील ही धास्ती नाही म्हटल्यावर माणसे निर्धास्त होऊन कामाला लागली. कंपन्यांचा पैसा आला तो त्यानंतर, मोकळ्या रस्त्यावरून.

भाचेराव म्हणतील, जिओसिटीजही फुकटच होती, तिचे काय झाले? बरोबर. १९९४ साली निघाली, १९९९ साली याहूने विकत घेतली आणि २००९ साली जपान वगळता बंद केली. असंख्य हौशी लोकांनी सजवलेली पाने गेली. २००४ चे ऑर्कुट २०१४ साली मिटले. पण इथेच तर फरक आहे! सर्नने दिले ते दान, परत मागता येत नाही. या मंडळींनी दिली ती ओसरी. बसा म्हटले तर बसायचे, उठा म्हटले की उठायचे.

आणि आपण काय करतो आहोत? आजीच्या पाककृती, आजोबांच्या आठवणी, नातवंडांचे पहिले निबंध, सगळे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये ओतून मोकळे होतो. तिथल्या मजकुराला बाहेरच्याला देता येईल असा पत्ता नाही आणि फोन बिघडला की आठवणींची खात्री नाही. ज्या अडचणीसाठी वेब जन्मली, तीच आपण हाताने परत आणतो आहोत. माणूस गेला की माहिती गेली!

ओसरीवर गप्पा जरूर मारा, पण घराचे दस्तऐवज तिथे ठेवू नका. जपण्यासारखे असेल ते उघड्या पानावर लिहा आणि त्याची एक प्रत घरी ठेवा. हा ब्लॉगही ओसरीच आहे, म्हणून दर महिन्याला मी त्याची प्रत उतरवून घेते.

असो. भाचेरावांचे उत्तर आले तर इथेच छापीन. अर्थात फुकट!