परवाना धाटावचा, परवाना गॅदरिंगचा

डिसेंबर उजाडला की पेणपासून रोह्यापर्यंत कॉलेजांच्या पटांगणात बांबू येऊन पडायला लागतात. दोन दिवसांत मांडव उभा, तिसऱ्या दिवशी स्टेज आणि झालर, चौथ्या दिवशी भाड्याचा जनरेटर मागच्या भिंतीला टेकलेला. मग फिशपाँड, रेकॉर्ड डान्स, बक्षीस समारंभ. पोरांच्या आयुष्यातले हे सोन्यासारखे दिवस असतात, त्यामुळे आधीच सांगतो, गॅदरिंग बंद करा असं म्हणणारा हा लेख नाही. उलट ते दरवर्षी आणि जोरात व्हावं अशी इच्छा आहे, म्हणूनच हा वीकांताचा उपद्व्याप.

विषय आहे त्या मांडवाच्या फायर परवानगीचा. हसू नका :) विषय वाटतो तितका रुक्ष नाही.

गॅदरिंगच्या आधी एक फाईल तयार होते. पोलीस स्टेशनला अर्ज, लाउडस्पीकरची परवानगी, नगरपरिषदेकडे पत्र आणि कुणी फारच काटेकोर असेल तर फायरची एनओसी. या फाईलभोवतीची भाषा ऐका. "परवानगी आणली का?" "आणली सर." परवानगी ही आपल्याकडे 'आणायची' वस्तू आहे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावी तशी. ती आणताना कुणी मांडवात पाऊल टाकलं का, हा प्रश्न फाईलला पडत नाही. पडणार तरी कसा? बऱ्याचदा परवानगी येते तेव्हा मांडव उभाच राहिलेला नसतो.

आता याच रोह्यातला दुसरा परवाना बघू. गावापासून हाकेच्या अंतरावर धाटावची एमआयडीसी आहे, रासायनिक कारखान्यांची. तिथे कामाला जाणारं माणूस जवळपास प्रत्येक आळीत सापडेल. त्यांना विचारा, 'हॉट वर्क परमिट' म्हणजे काय. प्लांटमध्ये पाइपला साधं वेल्डिंग करायचं असेल तरी आधी परमिट लागतं. ते देणारा माणूस स्वतः जागेवर जातो. आजूबाजूचं जळाऊ सामान हलवलंय का बघतो, गॅस तपासतो, अग्निशामक नळकांडं जवळ आहे ना हे पाहतो, मगच सही करतो. काम करणाराही सही करतो. परमिट त्या शिफ्टपुरतं. शिफ्ट संपली की कागद मेला, उद्या नवा. आणि काम चालू असताना एक माणूस नुसता उभा राहतो, ज्याला दुसरं काही काम द्यायचं नसतं. त्याला फायर वॉच म्हणतात. वेल्डिंग संपल्यावरही तो काही वेळ तिथेच थांबतो, कारण ठिणगी उशिरा पेट घेते.

पेणकरांना ही गोष्ट डोलवीच्या स्टील प्लांटमुळे माहीत आहे. म्हणजे खरा परवाना कसा असतो हे शिकायला आपल्याला कुठे लांब जायला नको. घरातले बाबा दिवसभर तो पाळून येतात आणि संध्याकाळी आंघोळ करून मुलीचा डान्स बघायला अशा मांडवात बसतात, जिथे कापडाच्या छताखाली हॅलोजन तापतोय आणि वायरींचे जोड सेलोटेपने बांधलेत. बाबांना ते दिसतही असणार. पण इथे सही कोणाची घ्यायची हे त्यांना माहीत नाही.

बरं, कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा, लागू झाला डिसेंबर २००८ मध्ये. इमारतीची जबाबदारी त्यात मालकावर किंवा भोगवटादारावर टाकलीय आणि आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. कॉलेजच्या ऑफिसात हे कागद बहुधा सापडतात. पण ते इमारतीचे. समोरच्या पटांगणात चार दिवसांपुरत्या उभ्या राहिलेल्या मांडवाबद्दल त्यात एक अक्षर नसतं.

गंमत म्हणजे त्याच कायद्यात तात्पुरते मांडव, तंबू, शामियाने घालणाऱ्यांसाठीही तरतूद आहे. मांडव घालणाऱ्याने आगीविरुद्धचे उपाय स्वतः करायचे आणि ते केले आहेत असं आपल्या सहीचं घोषणापत्र मांडवात ठळक जागी लावायचं. मी आजवर आपल्या भागात इतकी गॅदरिंगं, लग्नं आणि व्याख्यानमाला पाहिल्या, पण असा कागद खांबावर डकवलेला पाहिला नाही. 'शुभेच्छुक' म्हणून मंडप डेकोरेटर्सचा फ्लेक्स मात्र हमखास असतो, मोबाईल नंबरासकट! शिवाय मांडव कसा असावा याचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५८. कृत्रिम धाग्याचं कापड आणि दोर वापरू नका, विजेच्या चालू तारेखाली मांडव नको, अशा अगदी आपल्या डेकोरेटरला कळतील अशा गोष्टी त्यात आहेत.

कृत्रिम कापड का नको? ते जळताना वितळतं आणि पेटते थेंब खाली बसलेल्यांवर पडतात. २३ डिसेंबर १९९५ ला हरयाणातल्या मंडी डबवालीत शाळेच्या वार्षिक समारंभात नेमकं हेच झालं. मंगल कार्यालयाच्या आवारात घातलेला मांडव, खच्चून भरलेला, आणि बाहेर पडायला प्रत्यक्षात एकच वाट. काही मिनिटांत ४४२ माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त लहान मुलं. दिवस गॅदरिंगचाच होता.

आता थोडं गणित, कारण सवय जात नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) दाटीवाटीने माणसं बसणार असतील तर माणशी ०.६५ चौरस मीटर जागा धरतात आणि सपाट वाटेने बाहेर पडायला माणशी ६.५ मिलिमीटर दाराची रुंदी. आकडे इमारतींसाठीचे आहेत, पण अंदाजाला चालतील. समजा मांडव ३० मीटर बाय २० मीटर. म्हणजे ६०० चौरस मीटर, म्हणजे साधारण ९२० माणसं. त्यांना बाहेर पडायला एकूण ६ मीटर रुंदीची दारं हवीत. आपल्याकडे काय असतं? एक दार मुलांचं, एक मुलींचं, प्रत्येकी फार तर सव्वा मीटर. दोन्ही मिळून अडीच मीटर, म्हणजे जेमतेम ३८५ माणसांची सोय. उरलेल्या पाचशेंचं काय?

आणि ही दोन्ही दारं उघडी आहेत असं धरून चाललोय. इथे खरी गोम आहे.

आपल्या कॉलेजांत गॅदरिंगच्या दिवशी गेट बंद ठेवतात आणि त्याला कारण आहे. बाहेरची टोळकी घुसतात, मुलींची छेड काढतात, मारामाऱ्या होतात. पालकांना ही भीती आगीपेक्षा कितीतरी जवळची वाटते आणि ती खोटीही नाही. म्हणून मागचं गेट कुलूपबंद, पुढचं अर्धं उघडं, तिथे दोन शिपाई आणि एनसीसीची पोरं आयकार्ड बघतायत. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजच्या गॅदरिंगला गेलो होतो, तेव्हा मागच्या गेटची किल्ली कुठाय असं सहज विचारलं. शिपाई म्हणाला सरांकडे. सर म्हणाले ऑफिसात. ऑफिसला कुलूप. त्या ऑफिसची किल्ली असलेले क्लार्क पहिल्या रांगेत पाहुण्यांशेजारी बसून टाळ्या वाजवत होते. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं आणि नऊशे माणसं कोंडली होती.

२५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात, 'कुसाट'मध्ये, टेकफेस्टच्या वेळी आग लागलीच नाही. नुसता पाऊस आला. खुल्या सभागृहाबाहेर थांबलेली गर्दी आडोशाला आत घुसली, उतरत्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली आणि चार जण दगावले. पावसाने हे होत असेल, तर धुराने काय होईल?

म्हणून मला वाटतं की या परवान्याचा मुख्य प्रश्न अग्निशामक नळकांड्यांचा नाही, किल्लीचा आहे. गेट बंद ठेवू पाहणारी भीती आणि गेट उघडं ठेवू पाहणारी भीती, दोन्ही खऱ्या आहेत आणि त्या समोरासमोर बसतील अशी जागा आज कुठेच नाही. पोलीस बंदोबस्ताच्या पत्रात पहिली भीती, फायरच्या पत्रात दुसरी. दोन कागद एकाच फाईलमध्ये शेजारी असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

यावर हमखास येणारा आक्षेप: "अजून एक परवानगी? अजून खेटे? पोरं कंटाळून गॅदरिंगच सोडतील." आक्षेप रास्त आहे. आमच्या धंद्यातही प्रक्रिया जड केली की लोक ती पाळत नाहीत, चोरवाट शोधतात. आणि छोट्या नगरपरिषदांकडे माणसं किती असणार? प्रत्येक मांडवात अधिकारी पाठवा म्हणणं म्हणजे स्वप्नरंजन. म्हणून मी म्हणतो, कागद वाढवू नका, कमी करा. फक्त सही मांडवात उभं राहून करायची.

धाटावचं परमिट जसंच्या तसं उचलावं. एक पान. कार्यक्रम सुरू होण्याच्या एक तास आधी भरायचं, त्या संध्याकाळपुरतंच. सह्या तिघांच्या: मांडववाला, कॉलेजचा जबाबदार प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रतिनिधी. प्रश्न मोजके. कापड कसलं आहे? जनरेटर आणि त्याचं डिझेल मांडवापासून लांब आहे का? स्टेजवर आतषबाजी आहे का? (असेल तर नाही म्हणा. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबात २५ जण गेले आणि तपासाने बोट आत उडवलेल्या आतषबाजीकडेच दाखवलं.) किती माणसं आत घ्यायची, तो आकडा. आणि शेवटचा प्रश्न: प्रत्येक गेटवर किल्ली हातात घेऊन कोण उभं आहे, नाव लिहा. गेट बंद ठेवायचं तर ठेवा, पण किल्लीवाला तिथून हलणार नाही. तोच आपला फायर वॉच. टोळकीही बाहेर आणि वाटही मोकळी. हा कागद प्रवेशद्वाराशी लावायचा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक आईबापाला वाचता येईल.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत कॅम्पसचा स्वतःचा फायर मार्शल असतो आणि मोठा तंबू उभारायचा तर त्याची पाहणी ठरलेली. आपल्याला उद्या तसा माणूस मिळणार नाही. पण कारखान्यांतल्या सेफ्टी विभागांत आयुष्य घालवून निवृत्त झालेली माणसं पेण-रोह्यात किती तरी आहेत. गॅदरिंगच्या आधी अर्धा तास त्यांना बोलवा, मांडवातून एक चक्कर मारायला लावा, नारळ द्या, पहिल्या रांगेत बसवा. खुशीने येतील. बोलावणं पाठवायला कुठल्याही खात्याची परवानगी लागत नाही.

यंदाच्या गॅदरिंगला तुमचं पोर नाचणार असेल तर प्राचार्यांना फार काही विचारू नका. मागच्या गेटची किल्ली आत्ता कोणाच्या खिशात आहे, एवढंच विचारा. उत्तर यायला किती वेळ लागतो, तेही घड्याळात बघा.