एकोणचाळीस डॉलरचं यंत्र



गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत चहा-सामोसे झाल्यावर, म्हणजे सगळे घरी जायच्या घाईत असताना, एक विषय निघाला. मंडळाच्या कपाटात तीन खोकी भरून व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडी पडून आहेत, त्या टाकून द्याव्यात. "आता कोण बघतं? सगळं यूट्यूबवर आहे," असं कुणीतरी म्हणालं आणि माना डोलल्या. आम्ही दोघांनी तेवढा हात वर केला. पण हॉलची किल्ली परत द्यायची वेळ झाली होती. "काय म्हणायचंय ते अंकात लिहा," असं सांगून अध्यक्षांनी दिवे मालवले. म्हणून हा लेख. 'आम्ही' म्हणजे आम्ही नवरा-बायको. आमचं एकमत सहसा होत नाही. या विषयावर झालं आहे, यावरून काय ते समजावं.

आमच्या टीव्हीखालच्या फळीवर एक डीव्हीडी प्लेअर आहे. २००४ साली थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रांगेत उभं राहून एकोणचाळीस डॉलरला घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी तुम्ही ते ऐकलेलं नसेल. वजनाला पोह्यांच्या पुड्याइतका. रिमोटची बटणं इतकी बारीक की नखानेच दाबावी लागतात. डिस्क फिरायला लागली की मिक्सरची आठवण होते. तरीही आमच्या घरातल्या सगळ्या यंत्रांत आम्ही त्यालाच पहिला नंबर देतो. का ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

१९९१ साली आम्ही लग्नाची कॅसेट पुण्याहून आणली. इथल्या व्हीसीआरमध्ये घातली तर पडद्यावर नुसत्या रेघा, आणि मंगलाष्टकं चालू असताना नवरानवरी एकसारखी वर सरकताहेत. कारण तुम्हाला ठाऊक आहेच. भारतात पाल पद्धत, म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, म्हणजे ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रं. एका दुकानातून कॅसेट बदलून घेतली. पैसे मोजले, आणि परत आली तेव्हा आमचा शालू हिरव्याचा करडा झाला होता.

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९७ च्या मार्चमध्ये इथे आली, तेव्हा वाटलं की आता ही कटकट संपली. २००१ साली आम्ही नावाजलेल्या कंपनीचा प्लेअर चांगले अडीचशे डॉलर टाकून घेतला. इंग्रजी सिनेमे त्याच्यावर आरशासारखे दिसायचे. मग २००३ च्या भारतवारीत दादरहून बारा डिस्क आणल्या. काही नाटकं, काही सिनेमे, आणि एका भाच्याने घरी कॉम्प्युटरवर भरून दिलेल्या दोन. त्या अडीचशे डॉलरच्या प्लेअरने एकही धड लावली नाही. गंमत म्हणजे नकाराची कारणं तीन, आणि तिन्ही वेगळी.

पहिलं कारण रीजन कोड. सिनेमा कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडून प्रत्येकाला आकडा दिला होता. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप, जपान आणि आखाती देश २, भारत ५. पाचची डिस्क एकच्या प्लेअरमध्ये घातली की तो पाटी दाखवतो आणि गप्प बसतो. दुसरं कारण जुनंच, पाल. व्हीसीडीला रीजन कोड नसतो, पण आपल्याकडच्या बऱ्याच व्हीसीडी पाल पद्धतीच्या, म्हणून चित्र पुन्हा वर सरकायला लागलं. तिसरं कारण सर्वात मजेशीर. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा असतो आणि सीडीचा ७८० चा. घरी भरलेल्या सीडीवरचा रंग पहिल्या लेझरला नीट दिसतच नाही. ज्या प्लेअरमध्ये दोन्हींची सोय नव्हती, त्याच्या दृष्टीने भाच्याची डिस्क म्हणजे कोरी पाटी.

अडीचशे डॉलरचा प्लेअर वाईट होता असं नाही. तो आमच्यासाठी बनवलेलाच नव्हता. या देशात राहून फक्त याच देशातलं बघणाऱ्या माणसासाठी तो होता. आपण तसे नाही. आपली निम्मी डिस्क बॅगेतून, लोणच्याच्या बरणीशेजारून येते.

एकोणचाळीस डॉलरवाल्याने मात्र काहीही विचारलं नाही. एका स्नेह्यांनी रिमोटवर काही आकडे ओळीने दाबले, रीजनचं कुलूप उघडलं, आणि पालचं एनटीएससी तो आतल्या आत करू लागला. बारापैकी बारा डिस्क चालल्या. दिवाणखान्यात टाळ्या पडल्या! या कुलूप उघडण्याबद्दल आमच्या मनात अपराधाची भावना नाही. दादरच्या दुकानात पूर्ण पैसे देऊन घेतलेली डिस्क आम्ही आमच्या घरात पाहिली. नकला करून वाटलेल्या डिस्क ही वेगळी गोष्ट. त्या काळी आपल्यात त्याही फिरत होत्या, आणि त्याचं समर्थन आम्ही करणार नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हापासून नकलेला काही कारणही उरलं नाही.

तेव्हा आमचं पहिलं मत असं, की प्लेअर किमतीवरून किंवा खोक्यावर छापलेल्या गुणांवरून जोखू नये. घरात ज्या डिस्क आहेत त्या घेऊन त्याच्यासमोर बसावं. अजूनही नवे स्वस्त प्लेअर मिळतात, आणि कुणाला घ्यायचा असेल तर आम्ही चार गोष्टी तपासायला सांगू.

एक, रीजन. 'सर्व रीजन' असं लिहिलेलं असेल तर उत्तम. ब्लू-रे प्लेअर घेऊन डीव्हीडीचा प्रश्न सुटेल असं समजू नका. तो डीव्हीडी लावतो, पण इथे घेतलेला बहुधा एक नंबरच्याच, आणि ब्लू-रेची वाटणी पुन्हा निराळी, अमेरिका 'ए' आणि भारत 'सी'.

दोन, पाल. नुसतं 'पाल चालते' एवढं पुरत नाही. इथल्या टीव्हीला समजेल असं रूपांतर प्लेअरने स्वतः केलं पाहिजे. जाता जाता एक गंमत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो आणि पालमध्ये सहसा २५ ने पळवतात. त्यामुळे अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं लवकर संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. आमच्याकडे येणाऱ्या एका पेटीवादकांना गाणं अर्ध्या पट्टीने चढं लागलं की अस्वस्थ व्हायला होतं. आम्हाला आजवर कधी कळलं नाही.

तीन, घरी भरलेल्या डिस्क. दुकानात जाताना एक जुनी, ओरखडे पडलेली डिस्क खिशात घेऊन जा. जो प्लेअर ती वाचेल तो घ्या. नवी कोरी डिस्क कुणीही वाचेल.

चार, मागची भोकं. जुन्या प्लेअरला पिवळी, तांबडी, पांढरी पिन लागते. नव्या पुष्कळ टीव्हींना ती जागाच नाही, फक्त एचडीएमआय. एचडीएमआयवाला प्लेअर तीस-चाळीस डॉलरला मिळतो. पण विक्रेता "चित्र वाढवून हाय डेफिनिशन होतं" म्हणाला तर हसून सोडून द्या. डिस्कवर मुळात ४८० किंवा ५७६ ओळी आहेत. व्हीसीडीवर त्याच्याही निम्म्या. पाणी घालून आमटी वाढते, डाळ वाढत नाही.

आता स्वस्ताचे दोषही सांगतो, नाहीतर आम्हाला दुकानदाराने चहा पाजला असं वाटेल. दोन थरांची, म्हणजे साडेआठ जीबीची डिस्क असली की मधोमध, लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जाताना, चित्र क्षणभर थिजतं. ते महाग प्लेअरमध्येही होतं, पण आमचा पठ्ठ्या तेवढ्यात एक आवंढा गिळतो, आणि तो नेमका नाटकातल्या विनोदाच्या वेळी. कुठे थांबलो होतो ते त्याला आठवत नाही. वीज गेली की भाषाही विसरतो. ट्रे तीन वर्षांपूर्वी अडकायला लागला, तेव्हापासून उघडताना खालून एक चापट मारावी लागते. पाहुण्यांना ते शिकवावं लागतं.

आणि आता खरं कारण.

२००५ साली पुण्याला आईंची पंच्याहत्तरी झाली. आई म्हणजे आमच्यापैकी एकीच्या सासूबाई. रजा नव्हती, आम्ही जाऊ शकलो नाही. भाच्याने सगळा समारंभ चित्रित करून घरीच व्हीसीडी भरून पाठवली. औक्षण, जेवणावळ, आणि शेवटी आई खुर्चीत बसून बोलतात. माहेरचा वाडा, कोण कुणाची आत्या, शाळा का सुटली. मध्येच भाच्याला दटावतात, "अरे, माझ्या सुरकुत्या काय दाखवतोस, ते लाडू दाखव!" २००६ साली त्या इथे सहा महिने राहून गेल्या. बाहेर बर्फ, आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. त्या रिमोट शिकल्या, चष्मा लावून नखाने बटण दाबायच्या आणि दुपारी दोन नाटकं बघायच्या. स्वतःची डिस्क मात्र कधी लावू द्यायच्या नाहीत.

२०१३ साली आई गेल्या. डिस्क ड्रॉवरमध्ये राहिली. गेल्या हिवाळ्यात थोरला मुलगा म्हणाला, आजीचं ते लावा ना, माझ्या लेकीला दाखवू. लावली. चाळिसाव्या मिनिटाला चित्र चौकोनांचं झालं आणि थांबलं. दुसऱ्या, नव्या प्लेअरने तर डिस्कच नाही म्हणून सांगितलं. घरी भरलेल्या डिस्कवर जो रंगाचा थर असतो तो ऊन, उष्णता आणि वय यांनी उडत जातो. हे आम्हाला आता कळलं. एकोणचाळीस डॉलरवाल्याने खडखडाट करत, अडखळत ती शेवटपर्यंत नेली. मग मुलाने कॉम्प्युटरवर तीन रात्री बसून नक्कल केली. सगळं आलं, दोन मिनिटं सोडून. वाड्याबद्दल बोलताना आई कुणाचं तरी नाव घेतात आणि हसतात, तिथे नुसते चौकोन आहेत. ते नाव काय होतं ते आम्हा दोघांनाही आता नक्की आठवत नाही. पुण्याला फोन केले. तिकडेही कुणाला आठवत नाही.

मंडळी, हे दोन मिनिटांचं दुःख आम्ही तुमच्यापुढे आणतो ते कपाटातल्या त्या खोक्यांसाठी. त्यात विकत मिळणारे सिनेमे आहेत, ते गेले तर जाऊ देत. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ पासून लोकांच्या तोंडपाठ आहे, तो आपल्या कपाटाच्या आधाराने उभा नाही. पण त्याच खोक्यांत आपल्या गणेशोत्सवांच्या कॅसेट आहेत, शाळेच्या हॉलमध्ये आपण बसवलेली नाटकं आहेत, आणि संक्रांतीला मुलांनी चुकत चुकत म्हटलेल्या कविता आहेत. त्यातली काही माणसं आज नाहीत. हे यूट्यूबवर नाही, कारण ते तिथे चढवणारं आपल्याशिवाय कुणीच नाही. भाड्याचंही तसंच. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणं २०२३ च्या सप्टेंबरात बंद केलं, बेस्ट बायने २०२४ मध्ये डिस्क विकणं थांबवलं, मोझर बेअर तर केव्हाच बुडाली. ज्याला त्याला आपला धंदा सांभाळायचा असतो. आपल्या आठवणी सांभाळणं हा त्यांचा धंदा नव्हता.

विरुद्ध बाजूचं एक म्हणणं आम्हाला पटतं. नुसती खोकी ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. हॉलच्या त्या कपाटाला लागूनच हीटरची वाफ येते. दहा वर्षं तशीच ठेवली तर टाकून दिल्यासारखंच आहे. म्हणून आमची सूचना अशी. मंडळाने एक स्वस्त, सर्व रीजनचा प्लेअर आणि एक चालू व्हीसीआर घ्यावा. व्हीसीआर नवा मिळत नाही, पण कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये नक्की असेल. दोन शनिवार चार जणांनी बसून यादी करावी. घरगुती चित्रण आणि विकतचे सिनेमे वेगळे काढावेत. घरगुती तेवढ्याची दिवाळीपर्यंत नक्कल करून ती दोन घरांत ठेवावी. चित्रात जे आहेत त्यांना, आणि जे गेले त्यांच्या मुलांना, विचारून मगच कुणाला दाखवावी. नंतर खोकी टाका, आम्ही हात वर करणार नाही.

प्लेअरची अडचण असेल तर आमचा देतो. फक्त ट्रे उघडताना खालून चापट मारायची, हळू. आणि तोपर्यंत आपापल्या घरातला ड्रॉवर एकदा उघडून बघा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
हात वर करणारे दोघे